विद्यापीठें आणि परिसराचा अभ्यास

आज आपल्या देशांत पदवीसाठीं महाविद्यालयांत नांव घातलेला विद्यार्थी, मग तो संस्कृताचा असो कीं हिशेबाचा, 'पर्यावरण' या विषयाच्या परीक्षेवांचून सहसा सुटत नाहीं. हा विषय त्याच्या माथीं कोणीं मारला असें विचारल्यास जाणता अध्यापक सर्वोच्च न्यायालयाकडे बोट दाखवितो, आणि न जाणता अध्यापक वेळापत्रकाकडे. न्यायालयाची गोष्ट खरी आहे व ती पुढें येईलच. परंतु विद्यापीठानें आपल्या भोंवतालची जमीन, पाणी व त्यांवर जगणारीं माणसें यांचा अभ्यास करावा, ही कल्पना त्या निकालाहून सुमारें पाऊणशें वर्षांनीं जुनी आहे. मुंबई विद्यापीठाच्या आश्रयानेंच ती पुण्यानजीकच्या एका खेड्यांत व मुंबईंतील एका वर्गांत प्रत्यक्ष आचरिली गेली. आणि आमच्या मतें त्या वेळीं ती आजच्यापेक्षां चांगल्या रूपांत होती. हें मत कित्येकांस चमत्कारिक वाटेल, म्हणून त्याचा इतिहास थोडा विस्तारानें सांगणें भाग आहे.

आमचें लक्ष या विषयाकडे वळण्यास एक लहानसें कारण घडलें. कांहीं वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयांत (त्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) विद्यार्थ्यांचे क्षेत्रपाहणीचे अहवाल तपासण्यास आम्हांस बसविलें होतें. पहिल्या विद्यार्थ्यानें नदीच्या प्रदूषणावर लिहिलें होतें. अक्षर सुरेख, समासाच्या रेघा तांबड्या. दुसऱ्यानें तेंच लिहिलें होतें, तिसऱ्यानेंही तेंच. सातव्या अहवालापाशीं आमच्या ध्यानांत आलें कीं, या सर्व अहवालांतील नदीच्या कांठीं कातडीं कमावण्याचे कारखाने आहेत, आणि त्या गांवच्या नदीवर तर तसा एकही नव्हता. नदी गंगा होती. मुलांनीं कोणत्या तरी पुस्तकांतून ती उचलून आपल्या गांवीं आणून सोडली होती. खरी नदी महाविद्यालयाच्या मागच्या भिंतीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर होती, आणि वारा फिरला म्हणजे तिचा वास वर्गांत येत असे. आम्हीं गुण दिले. न द्यावे तर एकट्या विद्यार्थ्यांस शिक्षा करावी लागली असती, आणि दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता, असें आम्हांस तेव्हां अंधुकपणें वाटलें होतें. तो कोणाचा होता, हें पुढें जुनीं पुस्तकें चाळतांना कळूं लागलें.

पुण्याच्या उत्तरेस मुळा व पवना यांचा संगम दापोडीजवळ होतो. तेथें १८२८ सालीं सरकारनें एक वनस्पतिउद्यान काढलें होतें, व १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे स्कॉच वैद्य त्याचे प्रमुख होते. औषधी वनस्पतींच्या शोधांत सह्याद्रीचे कडे व कोंकणचीं खोरीं पायाखालीं घालतां घालतां या गृहस्थांस दिसून आलें कीं, जेथें जंगल तुटलें तेथें झरे लवकर आटतात. त्यांनीं सरकारास तसें लिहिलें, आणि १८४७ सालीं मुंबई इलाख्याच्या जंगलरक्षणाचा अधिकार त्यांच्याकडे आला. झाडें गेलीं कीं पाणी जातें, हें आमच्या शेतकऱ्यांस सांगावयास स्कॉटलंडाहून कोणी येण्याची गरज नव्हती, हेंही येथेंच नमूद करूं. महात्मा फुले यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत डोंगरावरून पावसाबरोबर शेतांत उतरणाऱ्या पालापाचोळ्याच्या खताचें महत्त्व व जंगलखात्याचा जाच हीं दोन्हीं एकाच दमांत सांगितलीं आहेत. परंतु गिब्सनसाहेबांचें ज्ञान विद्यापीठांत गेलें नाहीं, आणि फुल्यांचें तर नाहींच. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ निघालें, १८७८ सालीं डेहराडून येथें जंगलखात्याच्या नोकरांसाठीं निराळी शाळा निघाली. आणि रानाची विद्या विद्येच्या पंगतींतून उठून महसुलाच्या पंगतीस जाऊन बसली. रान म्हणजे लांकूड व लांकूड म्हणजे रुपये, हा हिशेब एकदां बसल्यावर झऱ्यांची विचारपूस कोण करणार?

ही विद्या विद्यापीठाच्या अंगणांत परत आणली ती एका रसायनशास्त्रज्ञानें. डॉ. हॅरोल्ड मॅन हे आसामांत चहाच्या मळ्यांसाठीं काम करून १९०७ सालीं पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्रमुख झाले. माती तपासणें हा त्यांचा धंदा. परंतु माती तपासतां तपासतां त्यांस तीवर उभा असलेला माणूस दिसूं लागला. महाविद्यालयांतील मराठी सहकाऱ्यांस बरोबर घेऊन त्यांनीं पवनेच्या कांठचें पिंपळे सौदागर हें खेडें निवडलें आणि त्याची इतक्या बारकाईनें पाहणी केली कीं, तितकी त्या खेड्याच्या पाटलानेंही कधीं केली नसेल. ती पाहणी १९१७ सालीं पुस्तकरूपानें निघाली, आणि मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेंत तिला पहिलें स्थान मिळालें. विद्यापीठाच्या अर्थशास्त्राचा पहिला ग्रंथ सोन्याच्या भावाविषयीं किंवा इंग्लंडच्या व्यापाराविषयीं नसून पवनेकांठच्या एका गांवाविषयीं असावा, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

त्या पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. आपल्या खेड्यांत 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन शब्द आहेत: काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. हल्लीं 'पर्यावरण' या एका शब्दांत सगळेंच कोंबण्याची रीत पडली आहे. पण काळीचा पांढरीशीं संबंध काय, हा प्रश्न त्या लांब शब्दानें सुटत नाहीं, झांकला मात्र जातो. मॅनसाहेब काळीकडून पांढरीकडे जातात. जमिनीचा उतार, माती, पाणी, विहिरी, पिकें, मग जमिनीचे तुकडे, मग कर्ज, आणि शेवटीं माणसें. जुन्या दप्तरांवरून त्यांनीं दाखविलें कीं, १७७१ सालीं या गांवीं एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्यें ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१४-१५ मध्यें अवघ्या ७ एकरांवर. १५६ खातेदारांचे मिळून ७२९ तुकडे झाले होते, व त्यांपैकीं ४६३ तुकडे एकरापेक्षांही लहान होते. असल्या तुकड्यांतून नांगर फिरावा कसा, विहीर कोणाच्या बांधावर खणावी, पाण्याचा पाट कोणाच्या हद्दींतून न्यावा, हे प्रश्न म्हणजे भूमीचे प्रश्न कीं माणसांचे? दोन्हीं एकच आहेत, हें त्या पुस्तकाच्या पानापानांवर दिसतें. लगेच पुढल्या वर्षीं, १९१८ सालीं, डॉ. आंबेडकरांनीं हिंदुस्थानांतील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला व रोगाचें मूळ तुकड्यांच्या आकारांत नसून शेतीवर पडलेल्या माणसांच्या भारांत व भांडवलाच्या अभावांत आहे, असें प्रतिपादिलें. विद्वत्तेच्या वादाला पायाखालची माती मिळाली कीं तो कसा सजीव होतो, याचें तो काळ उत्तम उदाहरण आहे. १९२१ सालीं मॅन यांनीं श्री. कानिटकर यांच्या सहकार्यानें जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू गांवाचीही अशीच पाहणी प्रसिद्ध केली.

आतां मुंबईकडे वळूं. १९१९ सालीं मुंबई विद्यापीठानें समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा विभाग उघडला आणि त्याच्या अध्यासनावर पॅट्रिक गेडीस यांस बसविलें. त्या वेळीं त्यांचें वय पासष्टाच्या घरांत होतें. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, लंडनला हक्स्ले यांचे शिष्य. पण पदवी अशी त्यांनीं कधीं घेतलीच नाहीं. तरुणपणीं मेक्सिकोंत असतां कांहीं काळ दृष्टि गेली. सूक्ष्मदर्शकाचें काम मंदावलें, आणि हा मनुष्य पेशीकडून शहराकडे वळला. झाड जसें त्याच्या मातीपासून वेगळें काढून समजत नाहीं, तसें शहरही त्याच्या खोऱ्यापासून वेगळें काढून समजत नाहीं, हा त्यांचा सिद्धांत. स्थळ, काम आणि माणसें या तीन गोष्टी एकत्र पहाव्या. डोंगराच्या माथ्यापासून समुद्राच्या वाळूपर्यंत एक रेघ मारावी आणि तीवर कोण कोठें काय करून पोट भरतो तें पायीं हिंडून टिपावें. आम्हां महाराष्ट्रीयांस ही रेघ चित्रांत पाहण्याची जरूर नाहीं. सह्याद्रीच्या एखाद्या घाटानें सकाळीं उतरूं लागलें तर माथ्यावर धनगर, उतारावर कातकरी, खालीं भातखाचरांत कुणबी, खाडीच्या कांठीं आगरी आणि सायंकाळीं बंदरावर कोळी, असा सारा ग्रंथ एका दिवसांत वाचून होतो.

गेडीस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले ते नगररचनेचें एक मोठें प्रदर्शन घेऊन. प्रदर्शनाचें सामान ज्या बोटींत होतें ती बोट 'एमडेन' या जर्मन युद्धनौकेनें बुडविली. मित्रांनीं विलायतेहून दुसरें सामान जमवून पाठविलें, आणि १९१५ च्या आरंभीं मद्रासेस प्रदर्शन भरलेंच. पुढें त्यांनीं अनेक शहरांच्या पाहण्या केल्या. जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढण्याचा इंजिनिअरांचा हव्यास त्यांस मान्य नव्हता. आधीं रोग ओळखा, मग शस्त्र घ्या, आणि तेंही जपून चालवा, असा त्यांचा आग्रह असे. होळकरांच्या इंदुरांत प्लेगनें थैमान घातलें होतें. तेथें त्यांनीं दिवाळीच्या सुमारास एक अपूर्व मिरवणूक काढविली: घाणीचा एक राक्षस, प्लेगाचा उंदीर, स्वच्छ कपडे व माळा घातलेले झाडूवाले, आणि मिरवणुकीचा मार्ग असा कीं, जो मोहल्ला सर्वांत स्वच्छ त्यातून ती जावयाची. लोकांनीं घरें व गल्ल्या झाडून काढल्या. सरकारी हुकुमानें जें होत नव्हतें तें चढाओढीनें झालें. १९१८ सालीं निघालेल्या त्यांच्या इंदूरच्या अहवालांत नाले, विहिरी व बागा यांच्याच जोडीला तेथें व्हावयाच्या विद्यापीठाचाही विचार केलेला आहे. शहराच्या सांडपाण्याचा अहवाल लिहितां लिहितां विद्यापीठाची योजना मांडणें हें कोणास विसंगत वाटेल. गेडीसांस तें एकाच कामाचें दुसरें पान वाटत होतें.

अशा माणसाच्या हातीं मुंबईचा वर्ग आला. तो यशस्वी झाला असें म्हणवत नाहीं. प्रोफेसर वक्ते म्हणून वाईट. दाढींतल्या दाढींत बोलत, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी घेत. त्यांत पॅलेस्टाईन व इतर ठिकाणचीं कामें, त्यामुळें मुंबईंत सलग मुक्काम नाहीं. शिवाय परीक्षा या संस्थेविषयीं त्यांचा तिटकारा जगजाहीर होता, आणि आमचीं विद्यापीठें तर परीक्षा घेण्यासाठींच जन्मलेलीं. १९२४ सालीं प्रकृति खालावल्यामुळें ते फ्रान्सला गेले व १९३२ सालीं तेथेंच वारले.

त्यांच्या जागीं त्यांचेच शिष्य डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये आले. मालवणचे घुर्ये संस्कृताचे पंडित; मुंबई शहरावरील त्यांचा निबंध गेडीसांस पसंत पडला, आणि त्यांच्या शिफारशीनें ते विलायतेस गेले. केंब्रिजहून परतले तेव्हां त्यांचें मन जाति, कुल व संस्कृति यांच्या इतिहासांत रमलें होतें. १९३२ सालीं निघालेला त्यांचा जातिसंस्थेवरील ग्रंथ मोलाचा आहे, यांत शंका नाहीं. आणि त्यांनीं खेडें सोडलें असेंही म्हणतां येणार नाहीं, कारण डॉ. कोट्स यांनीं १८२० च्या सुमारास पाहिलेल्या पुण्याजवळच्या लोणीकंदची त्यांनीं उतारवयांत पुन्हां पाहणी करून १९६० सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. तथापि ग्रंथांच्या जोरावर विभाग वाढला आणि गुरूची खोऱ्याची रेघ पुसट झाली. तिकडे लखनौ विद्यापीठांत राधाकमल मुखर्जी यांनीं मात्र प्रदेश व समाज यांचें नातें हाच आपला विषय मानला. १९२६ सालच्या त्यांच्या ग्रंथाचें नांवच प्रादेशिक समाजशास्त्र असें आहे. परंतु तो प्रवाहही पुढें क्षीण झाला. निसर्गाचा अभ्यास विज्ञानशाखेच्या इमारतींत, माणसाचा कलाशाखेच्या इमारतींत, आणि मध्यें सायकली ठेवण्याची जागा, अशी व्यवस्था होऊन बसली.

स्वातंत्र्यानंतरचा वृत्तांत थोडक्यांत सांगतों. काशी विद्यापीठांत रामदेव मिश्र यांनीं वनस्पतींच्या परिस्थितिशास्त्राची परंपरा उभी केली. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर या विद्येस प्रतिष्ठा आली, नवे विभाग निघाले. पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डहून १९७१ सालीं परत आले; त्यांनीं डॉ. वा. द. वर्तक यांच्यासह सह्याद्रींतील देवराया धुंडाळल्या व १९७६ सालीं त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. १९८३ सालीं बंगलोरच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं परिस्थितिशास्त्राचें केंद्र काढलें, आणि पुढें पश्चिम घाटाच्या परिसरांतील लहान महाविद्यालयांच्या अध्यापकांस जीवजातींच्या नोंदी करण्याच्या कामांत ओढलें. गेडीसांची पायवाट कोणास पुन्हां सांपडली असेल तर ती यांस. मात्र ज्यानें विज्ञान घेतलें नाहीं त्या विद्यार्थ्यास याचा वारा लागत नव्हता.

तो लागावा म्हणून न्यायालय मध्यें पडलें. वकील एम. सी. मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २२ नोव्हेंबर १९९१ रोजीं निकाल दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक चित्रपट्ट्या फुकट दाखवाव्या, नभोवाणीवर व दूरचित्रवाणीवर कार्यक्रम व्हावे, आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा व्हावा, असा त्याचा आशय. चित्रपटगृहांनीं काय केलें तें वाचकांस आठवत असेलच. विद्यापीठांनीं बारा वर्षें विचार केला. डिसेंबर २००३ मध्यें न्यायालयानें पुन्हां कान उघडणी केली, आणि तेव्हां कोठें विद्यापीठ अनुदान मंडळाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व पदवीपरीक्षांस लागू झाला. त्याचें पाठ्यपुस्तक पुण्याच्याच डॉ. एरक भरुचा यांनीं लिहिलें. पेशानें शल्यविशारद व वृत्तीनें रानांत हिंडणारा हा मनुष्य. त्यांच्या पुस्तकाचा शेवट विद्यार्थ्यांस बाहेर पाठविण्यांतच होतो. तेव्हां दोष पुस्तकाचाही नाहीं.

दोष गणितांत आहे, आणि तो आम्हांस फार उशिरां दिसला. त्या अभ्यासक्रमास एकूण ५० तासिका होत्या. त्यांपैकीं ४५ वर्गांत, ५ बाहेर. गुण मात्र लेखी परीक्षेस ७५ व क्षेत्रकार्यास २५. म्हणजे ज्या कामास वेळाचा दहावा हिस्सा दिला, त्याला गुणांचा चौथा हिस्सा. पांच तासांत नदीची पाहणी होत नाहीं. पांच तासांत नदीपर्यंत जाऊन येणें होतें. मॅनसाहेबांस एका खेड्यासाठीं सहकाऱ्यांचा ताफा लागला होता. तेंच काम पांच तासांत, शेंकडों मुलांकडून, एका अध्यापकाच्या देखरेखीखालीं करून मागितल्यावर मुलांनीं गंगा उचलून आणूं नये तर काय करावें? शिवाय हा विषय शिकविण्यास ज्यास पाठवावयाचें तो अध्यापक पुष्कळ ठिकाणीं ज्याच्या तासिका कमी भरतात तो, मग तो वाणिज्याचा असो कीं इतिहासाचा. आम्ही स्वतः त्या वाटेनेंच या विषयाकडे आलों, तेव्हां हें हिणवून लिहीत नाहीं.

सक्तीचा कांहींच लाभ झाला नाहीं, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. ओझोन, जैवविविधता, भूजल हे शब्द आज तालुक्याच्या गांवच्या पदवीधरासही परके नाहींत. परंतु त्याच पदवीधरास आपल्या घरच्या नळाचें पाणी कोणत्या धरणाचें व आपल्या घरचें सांडपाणी कोणत्या ओढ्यास मिळतें हें विचारून पहा. १९१७ सालचें पुस्तक नेमकें तेथून सुरू झालें असतें. २०२३ सालीं अनुदान मंडळानें नवी चौकट आखून या विषयास चार श्रेयांक दिले आहेत; आंकडा वाढला, हें खरें. त्या चारांतील किती चपलेस लागणाऱ्या धुळींत जातील आणि किती फळ्यावरील खडूंत, तें ज्याचें त्याचें महाविद्यालय ठरवील.

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही नऊ विद्यार्थ्यांस घेऊन पिंपळे सौदागरास गेलों. गांव आतां पिंपरी-चिंचवडच्या पोटांत गेलें आहे. जेथें एकराहून लहान तुकडे होते तेथें उंच इमारती उभ्या आहेत, आणि एकेका मजल्यावर कित्येक खातेदार नांदतात. आमच्याजवळ मॅनसाहेबांच्या पुस्तकाच्या प्रती होत्या. जुन्या विहिरी शोधावयाच्या, एवढेंच काम ठरविलें होतें. देवळाच्या पारावर बसलेल्या एका आजोबांनीं मुलांची चौकशी केली. "कुठल्या कंपनीचे रे तुम्ही? परत मोजणी आली का?" असें त्यांनीं विचारलें. महाविद्यालयाचीं मुलें आहेत म्हटल्यावर त्यांनीं काठी उचलली व स्वतः पुढें झाले. दुपारपर्यंत एक विहीर सांपडली, तिच्यावर लोखंडी जाळी व आंत प्लास्टिक. दुसरीची जागा आजोबा एका इमारतीच्या फाटकाआंत दाखवीत होते, आणि त्यांची वहिनी, "नाही हो भावजी, ती पलीकडं, नदीच्या अंगाला," असें म्हणत होती. फाटकावरचा रखवालदार आम्हांस आंत सोडीना. एक विद्यार्थिनी तेवढ्या वेळांत दोघांचेंही म्हणणें वहींत वेगवेगळ्या रकान्यांत लिहून घेत होती. मग आम्ही पवनेवर उतरलों. पाणी काळें होतें, आणि जलपर्णी दोन्ही कांठांस टेकली होती. वहिनीबाईंनीं सांगितलेली जागा तेथून दिसेल म्हणून मुलें कांठाकांठानें पुढें गेलीं. आमचे गुडघे दुखत होते, आम्ही आजोबांच्या शेजारीं एका दगडावर बसून राहिलों.